हवेत सुजलेला जावई

विमानात मरायची माझी अजिबात तयारी नव्हती, कारण परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं.

तेही सासूबाईंनी! नव्वदच्या दशकात आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत विमान ही गच्चीवर पापड वाळत घालताना मान वर करून बघायची वस्तू होती. पण नेरूळच्या जुन्या गावठाणातल्या माझ्या सासूबाईंनी सरकारकडून मिळालेला प्लॉट बिल्डरला दिला आणि जाहीर केलं, "दिल्लीला माझे नातवाचा बारसा हाय. आपून इमानानंच जायचा!" माझ्या बायकोला, हिराला, आनंदाने रडू फुटलं. मला घाम फुटला. सासूबाईंच्या शेजारी बसायचं म्हणजे त्यांच्या डब्याच्याही शेजारी बसायचं.

डब्याचं असं आहे, की मी साताऱ्याकडचा आणि मला कोलंबीची अॅलर्जी आहे. साधी खाज नव्हे. एकदा तर दवाखान्यात ऑक्सिजन लावायची पाळी आली होती. तेव्हा डॉक्टरांनी दम भरला होता, "पुन्हा खाल्लीत तर मला तोंड दाखवू नका. दाखवायला उरणारच नाही." सासूबाईंना मात्र अॅलर्जी हा प्रकारच मंजूर नव्हता.

"कोलबी कवा कुनाला बाधलीय? घाटावरच्या मानसांचे नखरे नुसते!" हे मी लग्नाच्या पंगतीपासून ऐकत आलो होतो. मला डाळभात वाढताना बाईंचा चेहरा असा पडायचा, की मलाच अपराधी वाटून मी दोनदा भात मागायचो.

तर विमान उडालं. हवाई सुंदरीने हसत हसत एक गार कटलेट दिला. सासूबाईंनी त्याला बोटाने ढकलून बघितलं, "मेलाय" असा निकाल दिला आणि पिशवीतून आपला डबा काढला. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी! (जवळा म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी. जीव बारीक, तेव्हा गुन्हाही बारीकच, असं मला त्या क्षणी वाटलं.) वास असा काही सुटला, की पुढच्या रांगांमधली माणसं एकेक करून मागे वळली.

"जावयबापू, तिकीट माझा, डबा माझा. एक घास तरी घ्या."

मी विचार केला, जमिनीवरची अॅलर्जी इतक्या उंचावर कशाला चढेल? शिवाय बाईंनी विमानात बसवलंय, त्यांचा मान राखायला नको? मी मान राखला. दुसऱ्या घासाला परत राखला. तिसऱ्या घासाचा तर त्यांनी आग्रहही केला नव्हता!

हिरा खिडकीतून ढग बघण्यात गुंग होती. तेवढ्यात माझे तळहात खाजायला लागले. मग कान तापले. मग ओठ माझे राहिलेच नाहीत.

"हिरा, माझं तोंड बघ गं जरा."

"अगं बाई! ओठाचा बटाटावडा झालाय! गोळ्या घ्या आधी. कुठायत?"

"बॅगेत."

"आणि बॅग?"

दोघांनी एकदम पायांखाली बघितलं. बॅग खरंच आमच्या पायांखाली होती, पण विमानाच्या पोटात! एसटीच्या टपावर सामान टाकून निश्चिंत व्हावं, तशी आम्ही ती काउंटरवर खुशाल देऊन मोकळे झालो होतो.

आता हिरा म्हणजे पदर खोचला की माघार नाही. तिने हवाई सुंदरीचा हातच धरला. "डिकी उघडा! आमच्या यांची औषधं आहेत आत."

"मॅडम, उडत्या विमानात सामान काढता येत नाही."

"मग ड्रायव्हरला सांगा, दोन मिनटं साइडला घ्या!"

ती बिचारी मदत आणायला पुढे पळाली. इकडे सासूबाईंनी माझ्या मानेवर उठलेल्या गांधी बघितल्या आणि एका वाक्यात निदान केलं. "पित्त उठलाय. आगळ चोलला का बसतंय." दिल्लीच्या सुनेसाठी नेलेली कोकमाच्या आगळाची बाटली त्यांनी माझ्या डोक्यावर उपडी केली! कपाळ, गाल, गळा, पांढरा शर्ट, सगळं लालभडक. हवाई सुंदरी परत येऊन बघते तो काय, सुजलेला, लाल, मान टाकलेला माणूस आणि शेजारी कोपरापर्यंत हात लाल झालेली बाई! ती किंचाळली. मागून कोणीतरी ओरडलं, "खून! खून!"

मग घोषणा झाली आणि एक डॉक्टरीणबाई धावत आल्या. मराठी निघाल्या, हे माझं नशीब. लहान मुलांच्या डॉक्टर निघाल्या, हेही माझंच नशीब.

"घाबरायचं नाही हं, शहाणा ना तू? कुठे बाऊ झाला?" असं म्हणत त्या माझ्या डोक्यात जखम शोधू लागल्या. जखम नाही हो, घसा बंद होतोय, हे मला सांगायचं होतं. पण घशातून नुसती शिट्टी निघाली. छातीवर कांद्याचं पोतं ठेवल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू, मी मनापासून घाबरलो. हिराचा हात घट्ट धरला आणि मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, मरायचं नाही.

डॉक्टरीणबाईंनी बोटाला लागलेला लाल रंग हुंगला. "अरे, हे तर आगळ!" मग माझे ओठ बघितले आणि सवयीने सासूबाईंनाच विचारलं, "काय खाल्लं बाळानं?"

"त्यांचा कटलेट!" सासूबाई कडाडल्या. "तोच बाधला माझे जावयाला! इमानवाल्यांवर केसच करते!"

"काय होतं कटलेटमध्ये?"

"बटाटा, मटार..." हवाई सुंदरी रडकुंडीला आली.

इथे मटार सोलले जात होते आणि तिथे माझा जीव चालला होता! गप्प राहावं तर सासूबाईंची अब्रू राहत होती, पण जावई राहत नव्हता. शेवटी मी उरलंसुरलं बळ एकवटून सीटखालचा डबा लाथेने बाहेर ढकलला. हिराने झाकण उघडलं.

"आई! जवळा दिलास यांना?"

"कोलंबीची अॅलर्जी आहे?" डॉक्टरीणबाई ताठ झाल्या. "आडवं करा! औषधांची पेटी आणा!"

मला मधल्या वाटेत झोपवलं, पाय उचलून सासूबाईंच्या मांडीवर दिले, नाकाला ऑक्सिजन लावला आणि पँटीवरूनच मांडीत खसकन इंजेक्शन!

"शाब्बास! रडला पण नाही!"

पायलटने निरोप धाडला, विमान मध्येच उतरवू का? "उतरवा!" हिरा गरजली. डॉक्टरीणबाईंनी नाडीवरचा हात न काढता सगळ्यांना गप्प केलं. हळूहळू शिट्टी थांबली. हवा आत गेली. अहाहा! जवळ्याची चटणीसुद्धा इतकी गोड लागली नव्हती.

सासूबाई मात्र माझे पाय सोडायला तयार नव्हत्या. "जावयबापू, मला वाटला तुमी नखरे करता. माझे हातानं मी पोरीचा कुंकू पुसत होते!" आणि त्या हमसून हमसून रडल्या. माझेही डोळे भरून आले. (थोडं आगळ गेलं होतं. बाकीचं खरं होतं.)

दिल्लीला विमानतळावरून मी थेट हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, "यापुढे औषध कायम अंगावर. सामानात नाही, अंगावर!" सासूबाईंनी ते ऐकलं, आणि ऐकलं म्हणजे ऐकलंच. घरी परतल्याबरोबर त्यांनी खणाची पिशवी शिवली, त्यात गोळ्या भरल्या आणि काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधली. आंघोळीपुरती काढायची परवानगी होती.

पुढच्याच महिन्यात त्यांच्याकडे सत्यनारायण होता. मी सोवळं नेसून उघडाबंब पाटावर बसलो. भटजींची नजर माझ्या छातीवर गेली. त्यांनी भक्तिभावाने हात जोडून विचारलं, "कुठल्या देवाचा ताईत म्हणायचा हा?"

सगळ्या गावासमोर काय सांगावं, म्हणून मी एखादं लांबचं देवस्थान आठवत होतो. तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, "देवाचा नाय हो भटजी! जिभेला लगाम नाय, त्याचा हाय!"