आजीला जमिनीवर घेतलं तो दिवस

तुमच्याकडच्या दवाखान्यात दांडा फिरवला की पलंग डोक्याकडून वर उचलला जातो, असं तुम्ही कळवलंत. ते वाचून मला माझ्या आजीचा शेवट आठवला. क्रमाने सांगते.

आम्ही तेव्हा सोलापुरात होतो. मी बारा वर्षांची, इंग्रजी तिसरीत होते. आजीच्या छातीत पाणी झालं होतं. आडवी झाली की तिचा श्वास कोंडे, म्हणून पाठीला तक्के लावून ती पलंगावर बसूनच झोपायची. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा वडिलांनी एका नर्सबाईंना घरी आणलं. जवळच्या कुंभारी गावातल्या मेंढपाळाची लेक, मिशनात वाढलेली. गळ्यात बारीकसा क्रूस होता.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली विधवा बहीण. घरातलं सोवळं तिच्या हाती. तिने तो क्रूस पाहिला आणि मला स्वयंपाकघरात ओढलं.

"हे लोक मरणाऱ्याच्या डोक्यावर पाणी शिंपडतात आणि बाटवतात. तुला इंग्रजी कळतं. तिथेच बस. काही पुटपुटली की लगेच सांग."

मी बसले. बाई आजीचं अंग पुसत, कूस बदलत, ओल्या कापसाने ओठ भिजवत. मला त्यांचा प्रत्येक हात संशयाचा वाटे. एकदा त्या आजीचं मनगट धरून ओठ हलवू लागल्या. मी धावत आत गेले.

"आत्या, आकडे मोजतेय."

"कसले?"

"नाडीचे असतील."

"नाडीचे म्हणे! त्यांच्या देवाचे नसतील कशावरून?"

दुसरी शंका याहून मोठी होती. आमच्यात माणसाला पलंगावर मरू देत नाहीत. सारवलेल्या जमिनीवर दर्भ टाकून त्याच्यावर घेतात, मग गंगाजल देतात. आजीही दोनदा म्हणाली होती, "मला खाली घ्या." बाई मात्र नको म्हणत होत्या.

आत्या वडिलांना म्हणाली, "बघ, हिला आईची गती चुकवायचीय."

एका दुपारी बाई जेवायला गेल्या होत्या. आत्याने जमीन सारवली, दर्भ टाकला, वडिलांना हाक मारली आणि दोघांनी आजीला खाली आडवं केलं. आजीचे ओठ निळे पडले. ती हातांनी हवा ओढू लागली. वडिलांनी घाबरून तिला पुन्हा पलंगावर बसवलं. बाई आल्या तेव्हा आत्या दाराशी रडत होती.

"आई पलंगावरच जाणार," ती म्हणाली. "तुझ्या मनासारखं झालं."

बाईंनी आजीकडे पाहिलं. "आजी, खाली जायचंय का?"

आजीने होय म्हणून मान हलवली.

"मग आदी सांगायचं की, आत्याबाई. आडवं नको एवढंच म्हनत हुते मी. खाली नको कवा म्हनले?"

त्यांनी क्रूस पदराखाली सारला, भिंतीला पाठ लावून सारवलेल्या जमिनीवर बसल्या आणि पाय पसरले. "आना हितं."

वडिलांनी आजीला उचलून त्यांच्या पुढ्यात दर्भावर बसवलं. आजी बाईंच्या छातीवर रेलली.

"टेका की, आजी. लाजता कशाला? लेकच समजा."

आजीचे तळवे जमिनीला लागले. श्वास चालू राहिला, हळू पण चालू. आत्या गंगाजलाचा गडू घेऊन तशीच उभी. आजीला पाणी द्यायचं तर बाईंच्या अंगाला अंग लागणार. शेवटी ती गुडघ्यांवर बसली आणि तिने स्वतःच्या हाताने आईच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं, चमचाभर पाणी सोडलं. बाईंचा हात आजीच्या हनुवटीखाली होता.

बाई तशाच बसून राहिल्या. मधे त्या आजीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला आणि आजी गेली.

बाईंना उठता येईना. पायांना मुंग्या आल्या होत्या. माणसं बोलवायला वडील बाहेर गेले होते. आत्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हात पुढे केला. बाईंनी तो धरला आणि उठल्या.

बाई गेल्यावर आत्या मला म्हणाली, "आंघोळ तर आता सगळ्यांनाच करायचीय." मग न्हाणीच्या दारात थांबली.

"कानात काय म्हणाली गं ती?"

"जमीन गार लागते का, म्हणाली."

"मराठीत?"

"मराठीत."

आत्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "नीट ऐकलंस ना?" म्हणाली, आणि दार लावून घेतलं.