थोरलीचं दुसरं टोक

माझ्या साडूंच्या घरात जितक्या करवती आहेत तितकी झाडं त्यांच्या अख्ख्या कॉलनीत नाहीत. आणि साडूंच्या घरी आल्यापासून त्या सगळ्या करवतींनी मिळून दात कोरायच्या काडीएवढंही लाकूड कापलेलं नव्हतं. करवत म्हणजे सुताराची नव्हे. पेट्रोलवर चालणारी, दोरी ओढून सुरू करायची, साखळीला दात असलेली, जंगलात ठेकेदारांची माणसं वापरतात ती चेनसॉ. तीही नवी नाही. बनवणारी कंपनीसुद्धा जिला विसरून गेली असेल, वखारीच्या मागच्या गवतात पडून जिच्या पोटात उंदरांनी दोन पिढ्या वाढवल्या असतील, अशी एखादी गंजकी म्हातारी साडू शोधून आणतात. तिला उघडतात, धुतात, पुन्हा जोडतात आणि एकदा ती भर्र करून बोलली की तिची रवानगी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये होते. लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात, मुलांच्या ट्रॉफ्या असतात. साडूंकडे चेनसॉ असतात, आणि प्रत्येकीला माझ्या मेहुणीने विणलेलं क्रोशाचं झाकण असतं. "धूळ पुसून पुसून हात दुखले, दाजी," ती म्हणते. "सवतींना कपडे शिवणारी मी एकटीच असेन."

ज्या गावाहून मशीन आली ते गाव तिचं आडनाव. म्हणून साडूंच्या घरात फोनवरची बोलणी अशी चालतात : "पेठकरांना ताप आहे. रात्री तेल गळलं. मालेगावकर बरे आहेत, पण आवाज बसलाय." एकदा त्यांच्या मुलीसाठी स्थळ घेऊन आलेले गृहस्थ हे ऐकून घाबरले. घरात इतके आजारी पाहुणे असतील तर हुंडा नको पण हवापालट करून या, असं काहीसं पुटपुटत ते निघून गेले. पुढे मुलीचं लग्न चांगल्या ठिकाणी झालं. जावई पहिल्या भेटीतच शोकेससमोर थांबला आणि म्हणाला, "ह्यातली सगळ्यात जुनी कोणती?" तिथेच साडूंनी होकार दिला. पत्रिका नंतर पाहिली.

साडू ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. कंपनीच्या बसने पहाटे जायचे आणि संध्याकाळी हाताला ग्रीसचा वास घेऊन यायचे. निवृत्त झाल्यावर तो वास जाईल अशी मेहुणीची समजूत होती. वास गेला, आणि साडू चार दिवसांत आजारी पडल्यासारखे दिसायला लागले. मग सातपूरच्या भंगार बाजारात त्यांना पहिली चेनसॉ सापडली आणि वास परत आला. "सातपूरकर" अजून शोकेसच्या मधल्या फळीवर आहेत.

रविवारची सकाळ म्हणजे त्यांच्या घरी मोठा सोहळा. मशीन बंद ठेवली की आतून जाम होते, म्हणून दर रविवारी प्रत्येकीला अंगणात आणून थोडा वेळ चालवायचं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं, त्यामुळे असा निळा, घनदाट धूर निघतो की पलीकडची बिल्डिंग दिसेनाशी होते. कॉलनीत नव्या आलेल्या एका बाईंना वाटलं, डासांच्या फवारणीची गाडी आली. त्यांनी खिडक्या लावल्या, भांडी झाकली, आणि दुसऱ्या दिवशी साडूंना भेटून म्हणाल्या, "काका, तुमच्यामुळे खरंच डास कमी झाले हो. बुधवारी पण करता येईल का?" साडूंनी त्यांना फार गंभीरपणे सांगितलं की बुधवारी इंजिनातल्या रिंगा थंड असतात.

त्यांच्या स्वयंपाकघरात काहीही न विचारता तोंडात घालू नये, हे मी अनुभवाने सांगतो. एकदा मी भुकेला जाऊन पोचलो. गॅसवर पातेल्यात काहीतरी आंबटसर उकळत होतं. मला वाटलं सार आहे. मी पळी भरून चव घेतली आणि म्हटलं, "मीठ विसरलात की काय?" साडू मागून धावत आले. "साडूभाऊ, चावू नका! लिंबाच्या पाण्यात कार्ब्युरेटरचा जेट उकळतोय, बारीक असतो, गिळाल!" मी गिळला नव्हता, याचा त्यांना जो आनंद झाला तो माझ्यासाठी होता की जेटसाठी, हे मी कधी विचारलं नाही. त्याच घरात लोणच्याच्या दोन बरण्या शेजारी शेजारी असतात. एकीत कैरीचं लोणचं आणि दुसरीत तेलात बुडवून ठेवलेल्या साखळ्या. त्या साखळ्या साडू मशीनला कधी लावत नाहीत. शोकेसमधली एकूण एक करवत बिनदाताची.

मग त्या कापतात काय, हे खंडेनवमीच्या वेळी एका फूलवालीने विचारलं होतं. साडू सगळ्या मशीनी अंगणात ओळीने मांडून पूजा करतात, म्हणून टोपलीभर झेंडूच्या माळा घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो.

"एवढ्या माळा? गाड्यांचं दुकान हाय का काका?" तिने विचारलं.

"नाही. लाकडं कापायच्या मशीनी आहेत."

"मंग वखार हाय."

"वखार नाही."

"मंग कापता काय?"

"काहीच नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. बरोबर आलेलं माणूस तरी धड आहे का, हे ती तपासत असावी. साडू मात्र शांतपणे म्हणाले, "मावशी, मी जन्मभर विमानं जोडली. एकाही विमानात बसलो नाही. म्हणून काय ती उडाली नाहीत?"

"लय शिकलेलं दिसतंय," ती मला म्हणाली, आणि एक माळ जास्त टाकली.

बिनदाताच्या या नियमाला एकच अपवाद, आणि मला खरं सांगायचं आहे ते तिच्याबद्दल. तिला घरात सगळे थोरली म्हणतात. सुरगाण्याच्या बाजूला एका जुन्या ठेकेदाराच्या पडवीत ती साडूंना मिळाली. ती शोकेसमध्ये मावत नाही. ती जिन्याखाली आडवी झोपते आणि येणाऱ्या जाणाऱ्याच्या नडग्या फोडते. थोरली दोन माणसांची करवत आहे. एका टोकाला इंजिन, ते धरायला दोन मुठी; मध्ये माणसाच्या उंचीएवढी लांब पात; आणि पार दुसऱ्या टोकाला नुसती एक मूठ. एकाने इंजिनाकडून चालवायची आणि दुसऱ्याने ती मूठ धरून पात सरळ ठेवायची. मोठाल्या सागांसाठी केलेली मशीन ती. एकट्या माणसाला ती सुरू करता येते, पण तिच्याने काही कापता येत नाही. साडूंनी तिला सगळ्यांत जास्त वेळ दिला, आणि तिच्यासाठी आपला नियम मोडला. तिला दात बसवले. वखारीतून आंब्याचा एक जाडजूड ओंडका टेम्पोत घालून आणला आणि मागच्या अंगणात शेवग्याखाली ठेवला. "हिचं एकटीचं असं आहे," ते मला म्हणाले, "की दोघांनी धरून लाकडात घातल्याशिवाय ती बरी झाली की नाही ते कळतच नाही. एकच काप. साडूभाऊ, दुसरं टोक तुम्ही धरा."

मी म्हटलं, "धरतो की. पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी माझा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी चतुर्थी होती. उपाशीपोटी यंत्र धरू नये, असं मी शास्त्र सांगितलं. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पांढरा सदरा घातला होता, मग पाऊस, मग ऊन. खरं कारण एकच होतं. मला तिची भीती वाटायची. एवढे मोठे दात माझ्याकडे तोंड करून फिरणार, आणि मी ते धरून उभा राहणार! मी आयुष्यभर कचेरीत बसून कारकुनी केलेला माणूस, मला टाचणी टोचली तरी मी अर्धी रजा टाकायचो. पण हे सांगायला लाज वाटायची, म्हणून गुडघा. साडू दर वेळी "बरं, बरं, जपा," म्हणायचे, आणि आम्ही दोघे त्याच ओंडक्यावर बसून चहा प्यायचो.

इथवर हसण्यासारखं होतं. पण नातेवाइकांत थोरलीची चेष्टा सुरू झाली. कुठल्याही मुंजीला, वास्तुशांतीला कुणीतरी विचारणारच, "काय, थोरली चालली का?" एकदा भर पंगतीत माझ्या पुतण्याने साडूंना विचारलं, "काका, थोरली अजून मौनव्रतातच का?" साडूंनी जिलबी खाली ठेवली आणि हसत म्हणाले, "अरे, हट्टी आहे. कार्ब्युरेटर धरत नाही." पंगत हसली. शेजारच्या पाटावर बसून मीही हसलो. साडूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपण पाहिलं तर हा ओशाळेल, एवढी काळजी त्यांनी घेतली. तेव्हापासून ते सगळ्यांना हेच सांगत आले : थोरली चालत नाही. मेहुणी बाजाराला गेली की ते तिला थोडं चालवून घ्यायचे, हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. ज्या माणसाच्या हातून उंदरांची बाळंतिणीची खोली झालेली इंजिनं बोलती झाली, त्याने माझ्या गुडघ्यासाठी स्वतःला नापास करून घेतलं, आणि मी त्याला ते करू दिलं.

या वर्षी साडूंच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, झटका बसेल असं काही करायचं नाही. दोरी ओढणं म्हणजे झटकाच. रविवारचा धूर बंद झाला. कॉलनीत डास वाढले. मग एका शनिवारी मेहुणीचा फोन आला.

"दाजी, तुम्ही जरा समजावता का यांना? थोरली देऊन टाकतायत. मालेगावचा तो भंगारवाला सोमवारी न्यायला येतोय. माझं काही नाही, माझ्या नडग्या सुटतील. पण काल रात्री जिन्याखाली बसून तिला पुसत होते हो. मी म्हटलं, एवढी वर्षं नाही चालली ती, जाऊ द्या ना. तर आणखी जोरात पुसायला लागले."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ती चालते."

"काय?"

"थोरली चालते. पहिल्यापासून चालते. दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. तो मी होतो. मी येत नव्हतो."

मेहुणीने आधी जाऊन कुकर बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी त्या मेल्या कार्ब्युरेटरला ज्या शिव्या घातल्या, त्या तुमच्या होत्या?"

"माझ्याच."

"मग उद्या सकाळी या आणि आपल्या शिव्या घेऊन जा."

रविवारी मी कॅनव्हासचे बूट घालून गेलो. साडू ओंडक्यावर बसले होते. माझ्या पायांकडे पाहून त्यांनी विचारलं, "आज गुडघा?"

"घरी ठेवून आलो."

"चतुर्थी?"

"होऊन गेली. चला उठा."

साडू उठले नाहीत. खांद्याला हात लावून म्हणाले, "आता जमायचं नाही, साडूभाऊ. इंजिनाकडचं टोक जड. मला तेवढं पेलवणार नाही."

मी म्हटलं, "मग इंजिन मी धरतो. तुम्ही दुसरं टोक धरा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुणी तरी पेठकरांना लग्नाचं विचारलंय. मग त्यांचे डोळे मिचमिचले आणि ते हसायला लागले. "वेळेवर आला असता तर हलकं टोक मिळालं असतं," ते म्हणाले. आणि तेच खरं होतं.

थोरलीला जिन्याखालून काढताना माझ्या नडगीवर तिने आणखी एक सही केली. साडूंनी मला चष्मा दिला, हातमोजे चढवले, कुठलं बोट कुठे ते लहान मुलाला मोदक वळायला शिकवावं तसं शिकवलं. इंजिन ओंडक्याच्या कडेला स्टुलावर टेकवलं. दोरी कोण ओढणार हा प्रश्न होता. मेहुणीने पदर खोचला. "सरका. दर रविवारी बघून बघून पाठ झालंय." पहिल्या ओढीला नुसता खोकला. "अहो, चोक द्या," तीच म्हणाली. दुसऱ्या ओढीला थोरली बोलली.

असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शोकेसमधल्या काचा थरथरल्या. कॉलनीतल्या खिडक्या फटाफट लागल्या, आणि कुठून तरी त्या बाईंचा आवाज आला, "आली गं बाई फवारणी!" माझे हात, दात, चष्मा, सगळं हलत होतं. फक्त समोरचे साडू हलत नव्हते. डाव्या हातात ती एकुलती मूठ धरून ते पातीकडे बघत उभे होते. त्यांनी मान हलवली. मी खाली सोडली. थोरली आंब्यात शिरली, आणि बुटांवर पिवळसर भुसा पडायला लागला. मला भीती वाटायची राहून गेली. तेवढी सवडच नव्हती.

पात ओंडक्याच्या मध्यापर्यंत पोचली आणि साडूंनी हात वर केला. मी बंद केली. एकदम एवढी शांतता झाली की शेवग्यावरचा कावळासुद्धा चपापला.

"का? अडकली का?" मी ओरडलो. कान अजून इंजिनातच होते.

"नाही. लोण्यासारखी चालली होती," साडू म्हणाले. त्यांनी चिमूटभर भुसा उचलला, हुंगला आणि खिशात ठेवला. "आज एवढं बास. उरलेलं पुढच्या रविवारी."

सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. थोरली चालते, आता द्यायची नाही, असं साडूंनी त्याला सांगितलं. "चाचा, चलती नहीं बोले थे ना?" तो म्हणाला. मेहुणी दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती. तिनेच उत्तर दिलं, "चलती है. मैंने चलाई." तो चहा पिऊन गेला. नातेवाइकांना मी एकेकाला फोन करून सांगतो आहे. पुतण्याला सगळ्यात आधी सांगितलं. काही जण विश्वास ठेवत नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवलं. थोरली चालते. चालत नव्हतो तो मी.

त्याला आता बरेच रविवार झाले. मी दर रविवारी जातो. ओंडका अजून अर्धाच कापलेला आहे. "चला, उरकून टाकू," मी म्हणतो, आणि साडू म्हणतात, "आज चतुर्थी आहे." एकदा म्हणाले, पांढरा सदरा घातलाय. गेल्या रविवारी तर त्यांचा गुडघा दुखत होता. सगळी माझीच कारणं आहेत, मला ओळखू येतात. मी "बरं, बरं, जपा," म्हणतो. मग मधल्या खाचेच्या एका बाजूला ते बसतात, दुसऱ्या बाजूला मी, आणि मेहुणी चहा आणते. चहा मी हातमोजे घालूनच पितो. न जाणो, एखाद्या रविवारी ते हो म्हणतील.