रूलोफ कॉफीला आला तेव्हा

तव्यावर शेवटची पोळी होती आणि नऊ वर्षांची शिवांगी जिन्यात बसून एका बुटासाठी डचमध्ये कुरकुरत होती.

"सायकलच्या टोपलीत बघ," मंजूषा ओट्यापासूनच म्हणाली. "काल भिजले म्हणून तूच ठेवलेस तिथे."

"मंजू, डबा छोटाच दे हं, आज टीम लंच आहे," विराज जॅकेट चढवत म्हणाला.

"मग नेतोस कशाला? मिरवायला?"

बूट टोपलीतच निघाला. बापलेक सायकली काढून गेले. मंजूषाने गॅस बंद केला, एकटीपुरता चहा टाकावा म्हणून भांडं विसळलं, आणि तेवढ्यात दारावर थाप पडली.

नेदरलँड्समधल्या या हूफडॉर्पमध्ये असं कुणी येत नाही. शेजारची बाईसुद्धा कॉफीला यायचं तर दोन आठवडे आधी तारीख ठरवते. मंजूषाने हात पुसत दार उघडलं. दारात रूलोफ उभा होता, हातात पांढरी फुलं, टोपीवरून पाणी ठिबकतंय.

"न कळवता आलो, माफ करा. आत येऊ का?"

रूलोफ म्हणजे अपूर्वचा विद्यापीठातला मार्गदर्शक. आणि अपूर्व म्हणजे मंजूषाचा पाठचा भाऊ, सात वर्षांनी धाकटा. मंजूषा लग्न होऊन या गावात आली, नाशिकची एम.एस्सी. गुंडाळून ठेवून संसाराला लागली, आणि चार वर्षांनी हा पठ्ठ्या शिष्यवृत्ती घेऊन मागोमाग हजर. शनिवारी यायचा, बहिणीच्या हातचं पिठलं चापायचा आणि सुरिनामच्या गोष्टी सांगायचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्या डच वसाहतीत सोन्यापायी लोक कसे वेडे झाले होते, जंगलातून सोन्याच्या खाणींकडे रेल्वे कशी टाकायला घेतली, सोनं मनासारखं लागेना तेव्हा ती रानातच कशी सोडून दिली. माणसं तापाने मेली, नदीत बुडाली, एकमेकांना मारून मेली. "आणि ताई, भाव चढल्यावर तीच माणसं आता परत आलीत," तो म्हणायचा. "फक्त मशिनं नवी."

मागच्या पावसाळ्यात तो रूलोफबरोबर त्या जंगलात गेला, आणि आला तो अस्थींच्या रूपानं. जुन्या खाणीच्या कडेवरून घसरला, खाली गंजलेल्या बॉयलरवर डोकं आपटलं. बरोबर एकटा रूलोफ. त्याने सांगितलं, तिथल्या पोलिसांनी लिहून घेतलं. त्या उकाड्यात शरीर टिकणारं नव्हतं, म्हणून दहन तिथेच झालं.

आता इथल्या पोलिसांकडे फाइल होती. मार्लूस नावाची उंच अधिकारी बाई मागच्या आठवड्यात येऊन सांगून गेली होती, की रूलोफविरुद्ध हातात काही नाही. पण कुटुंबाला शंका असेल तर चौकशी पुढे नेता येईल. नसेल तर फाइल बंद. उत्तर उद्या द्यायचं होतं. आणि मंजूषाने मनाशी जवळजवळ ठरवलं होतं, की पुरे. नाशिकला आई एकेका फोनला एकेक वर्ष म्हातारी होत होती.

"पोलिसांनी तुम्हालाही विचारलंय म्हणे," रूलोफ खुर्चीत बसत म्हणाला. "मी सांगणारा कोण. पण तुमच्या आईचा विचार करा. पुन्हा सगळं उकरायचं..."

"मीही तेच म्हणत होते," मंजूषा म्हणाली.

त्याचे खांदे खाली आले. या माणसाचं तिला नेहमी वाईट वाटायचं. वर्षभर तो अधूनमधून यायचा, फुलं आणायचा, तेच ते पुन्हा सांगायचा. आजही त्याने सुरुवात केली. दोघं कडेवर उभे होते. अपूर्व त्याच्याकडे तोंड करून बोलत होता, खालचा बॉयलर कुठल्या काळातला असेल याबद्दल. बोलता बोलता एक पाऊल मागे गेला आणि माती सुटली.

"शेवटच्या क्षणापर्यंत बोलत होता तो. आनंदात होता."

मंजूषाने कॉफीचं पाणी ठेवलं. आईने कितीदा विचारलेला प्रश्न तिच्या ओठांवर आला. रूलोफला विचारायचा तिला संकोच वाटायचा, पण आज नाही विचारलं तर कधीच नाही.

"एक विचारू? आमच्यात मुंज झाल्यावर मुलगे गळ्यात दोरा घालतात. तो त्याच्या अंगावर होता का? आईला फार लागून राहिलंय ते."

रूलोफचा चेहरा उजळला. मागितलं ते देता येतंय, असा.

"होता, नक्की होता! सांगा आईला. मी पाहिलाय ना. उजव्या कानाला दोन वेढे होते त्याचे. पोलिसांसाठी मी फोटो काढला, त्यातही दिसतो. पडताना अडकला असणार."

"हो का," मंजूषा म्हणाली आणि ओट्याकडे वळली.

जानवं कानावर. दोन वेढे.

अपूर्वला आजोबांनी लावलेली सवय होती ती. लघवीला जायचं असो की शौचाला, आधी जानवं उजव्या कानावर, आणि ते उतरेपर्यंत तोंडातून शब्द नाही. लहानपणी मंजूषा मुद्दाम संडासाच्या दाराशी उभी राहून त्याला पाढे विचारायची, तो आतून नुसता हुं हुं करून चिडायचा. इथे आल्यावर देवपूजा सुटली, उपास सुटले, पण ही सवय काही सुटली नाही. शिवांगी त्याला विचारायची, तुझा हेडफोन कुठे जोडतोस?

पडताना एखादा दोरा कानात अडकेल. दोन वेढे पडत नाहीत.

म्हणजे तो कडेवर उभा राहून कुणाशीही बोलत नव्हता. कडेशी झाडाआड पाठ करून बसला होता. आणि बरोबरचा एकटा माणूस त्याच्या मागून आला होता.

पाणी उकळायला लागलं. तिला आता अपूर्वचा शेवटचा फोन आठवला. 'ताई, आमच्या विभागातल्या जुन्या नकाशांवर जिथे खुणा आहेत, नेमकी तिथेच या चोरट्या खाणवाल्यांची मशिनं कशी पोचतात गं? कुणीतरी दाखवल्याशिवाय? रूलोफशी बोलणार आहे मी.' तेव्हा ती म्हणाली होती, जेवलास का ते सांग.

"मंजूषा? बऱ्या आहात ना?"

"वाफ लागली हाताला." तिने नळाखाली हात धरला.

"मग उद्या तुम्ही नाही म्हणताय," रूलोफ म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

"आईला एकदा विचारते."

"आत्ताच विचारा ना. भारतात दुपार असेल. मी थांबतो." तो हसला, पण खुर्ची त्याने दाराच्या बाजूला सरकवली होती, हे मंजूषाच्या नजरेतून सुटलं नाही.

तिने फोन उचलला आणि विराजला लावला. पहिल्याच रिंगला त्याने घेतला.

"काय गं, बूट परत हरवला?"

"आई, मी बोलतेय."

"आई? अगं, मी विराज."

"हो आई, माहितेय मला. ऐक नीट, मध्ये बोलू नकोस." रूलोफ तिच्याकडे बघत होता. अपूर्वबरोबर राहून त्याला चार मराठी शब्द येत होते. कुठले चार, हे तिला माहीत नव्हतं. पोलीस म्हणायचं नाही. नाव घ्यायचं नाही. "धाकट्याचे साहेब आलेत घरी. समोरच बसलेत. ते म्हणतात, शेवटी धाकट्याच्या गळ्यातलं कानावर होतं."

"कुठल्या कानावर?" विराजने विचारलं.

"उजव्या, आई. दोनदा. आणि म्हणे हा उभा राहून गप्पा मारत होता."

विराज दहा वर्षं अपूर्वचा भावोजी होता. ती सवय त्यालाही माहीत होती. "मंजू, तू बाहेर पड. लगेच."

"नाही गं आई, ते दारापाशी बसलेत. मी करते कॉफी. मागच्या आठवड्यात त्या उंच बाई नव्हत्या का आल्या, माझा केक नको म्हणाल्या त्या? त्यांना जेवायला बोलाव. आजच. आत्ताच, अन्न गरम आहे तोवर. ठेवते."

तिने फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" रूलोफने विचारलं.

"रडली थोडी." मंजूषाने कप पुढे केला. "म्हणाली, तुला योग्य वाटेल तसं कर."

तो कॉफी प्यायला. सावकाश. तिने बिस्किटं काढली, मग आठवल्यासारखं करून चिवडा काढला, बशीत ओतला. काहीतरी बोलत राहायला हवं होतं. तिने शिवांगीच्या शाळेचं सांगितलं, नाशिकच्या उन्हाचं सांगितलं. आपलाच आवाज तिला बाजूच्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. मध्येच रूलोफने कप खाली ठेवला.

"गरम आहे का, असं काहीतरी म्हणालात तुम्ही," तो म्हणाला. "अपूर्व म्हणायचा हा शब्द. गरम."

"आईला विचारलं, तिकडे गरम होतंय का."

मग त्याने टोपी उचलली. मंजूषाने ठरवलं, जातोय तर जाऊ दे, दार लागलं की कडी घालायची. तो उठला, तिच्या अंगावरून पुढे गेला आणि दार उघडलं.

दारात मार्लूस होती, मागे दोन पोलीस. गाडी त्यांनी कोपऱ्यावरच ठेवली होती.

"तुमच्याशी बोलायचं होतं," मार्लूस रूलोफला म्हणाली. "इथे नको. आमच्याकडे."

त्याने एकदाच वळून मंजूषाकडे पाहिलं. त्याला अजून कळलं नव्हतं, आपण काय बोलून गेलो ते.

बाकीचे त्याला घेऊन गेले. मार्लूस मागे राहिली. मंजूषाने तिला सगळं सांगितलं, दोरा, कान, मौन, आजोबा. सांगताना लाज वाटली, पण काही गाळलं नाही. मार्लूसने आपल्या टॅबवर तो फोटो शोधला आणि कानाजवळचा भाग मोठा करून पाहिला. तिने तो मंजूषापुढे धरला नाही.

"दोन वेढे आहेत," ती म्हणाली. "एवढ्यावर खून सिद्ध होत नाही. पण तो खोटं बोललाय, हे दिसतंय. चौकशी पुढे नेऊ?"

"हो."

"मग अपूर्वच्या या सवयीबद्दल आम्हाला तुमच्या आईशीही बोलावं लागेल. व्हिडिओ कॉलवर, दुभाषा घेऊन. चालेल?"

मंजूषा खाली बसली. बशीतला चिवडा तसाच होता.

"बोला," ती म्हणाली. "सवयीचं हवं तेवढं विचारा, ती सगळं सांगेल. फक्त माझं एक ऐका. तो तसा बसलेला असताना गेला, हे ती ओळखेलही, पण तुम्ही तिला सांगू नका. पाठमोरा होता, एवढंच सांगा."