तेल लावलेले बेहडे

भद्रकालीच्या बाजारात हिरडे-बेहडे विकणाऱ्या त्या मावशींचं नाव मी कधी विचारलंच नाही. गिऱ्हाईक आलं की त्या पोत्याआड हात घालायच्या, तळवे एकमेकांवर चोळायच्या आणि वाळलेला बेहडा असा काही कुरवाळायच्या, की तो चकचकायलाच लागायचा. मला ती त्यांची लकब वाटायची.

तेच बेहडे कुटून मी प्रयोगशाळेत त्यांतली स्निग्धाम्लं, म्हणजे फॅटी ॲसिड्स, तपासली, तर यंत्रानं बेहड्यात आजवर कुणाला न सापडलेलं काहीतरी दाखवलं! मी नाचले. सगळ्यांना पेढे वाटले. पेढा संपवून, यंत्राचा आलेख पाहत माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "अगं, हे तर शेंगदाण्याचं तेल आहे."

मी धावत बाजार गाठला. "मावशी, तुम्ही बेहड्यांना तेल लावता?"

"मंग? लेकीला कोरड्या डोक्यानं कोणी सासरी धाडतं का?"

हसून हसून मी तिथेच फतकल मारली. मग हात जोडून कोरडे बेहडे मागितले. मावशींनी ते पिशवीत टाकले खरे, पण चेहरा पडला. तळहातावर तेल तर घेऊन झालं होतं. त्यांनी माझ्या पिंजारलेल्या केसांकडे पाहिलं आणि सगळं माझ्या टाळूवर थापलं.

नमुना कोरडा घेऊन मी चकचकत प्रयोगशाळेत परतले.