डोक्याच्या उंचीवरची पाटी

आमच्या अंध मुलांच्या शाळेची सुरुवात कशी झाली, असं कोणी विचारलं की मी पाटीपासून सांगते. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर मी ब्रेल शिकले, ब्राह्मणपारा या वस्तीत एक खोली भाड्यानं घेतली, नागपूरहून पुस्तकं आणली. शाळा तयार होती, फक्त मुलं नव्हती. घरोघरी फिरले, आया चहा पाजायच्या, मूल मात्र पाठवायच्या नाहीत. दिवाळीपर्यंत एकही मूल आलं नाही तर खोली सोडा, असं घरमालकानं बजावलं. तेव्हा माझी श्रद्धा चांगलीच डळमळली. गल्लीतल्या मारुतीला मी अक्षरशः फैलावर घेतलं आणि मग, जरा भीती वाटून, नारळाचा नवसही बोलले.

मला वाटलं, लोकांना शाळा दिसतच नसेल. म्हणून ठळक अक्षरांची लोखंडी पाटी करवली आणि दाराबाहेर, गल्लीत पुढे येईल अशी टांगली. लांबून दिसायची, मी खूश होते.

दुसऱ्याच दिवशी बीरगांवची एक बाई आपल्या न दिसणाऱ्या पोरीला, दुलारीला, घेऊन आली. इकडेतिकडे बघून तिनं विचारलं, "पढ़के का करही, दीदी?" शिकून ही काय करणार, हा तिचा प्रश्न. मी बरंच काही सांगितलं, पण माझंच मला पटेना. ती उठली. देवा, आता तूच बघ, असं मी मनात म्हणते आहे तोच दारात धाडकन आवाज झाला.

पांढरी काठी घेतलेल्या एक बाई कपाळ धरून आत आल्या. त्या गुढियारी वस्तीत गाणं शिकवतात, माहेर अमरावतीकडचं, हे नंतर कळलं. आधी कळला तो राग. "काठी जमीन पाह्यते बाई, डोक्यावरचं नाही! शाळा आंधळ्याची, अन् पाटी आंधळ्याच्याच डोक्यात घालून राह्यल्या काय?"

मी त्यांना बसवलं, हळद लावू लागले. त्यांचा हात टेबलावरच्या पुस्तकावर पडला आणि भांडण थांबलं. बोटं फिरवत त्या घडाघडा वाचू लागल्या; मधेच हळद नाकावर ओघळली म्हणून मला झापत होत्याच. दुलारीची आई थक्क झाली. तुम्हाला दिसतं की काय, असं तिनं त्या बाईंनाच विचारलं.

"तुमन ला दिखथे का, दीदी?"

"दिखता तो सर फोड़ती क्या?"

ती खुदकन हसली, आणि हसता हसता रडायला लागली. दुलारीचा हात धरून तिनं तो पुस्तकावर, या नव्या दीदींच्या बोटांशेजारी ठेवला. "हव," ती म्हणाली, "भेजहूं." पोरीला पाठवायला ती तयार झाली. मग मीही रडले.

त्याच दीदी आमच्या पहिल्या शिक्षिका. त्या दिवशी त्या गल्ली चुकल्या होत्या, एवढंच त्या म्हणतात. मी वाद घालत नाही. मागायचं आपण, पाठवायचं कसं ते त्याच्यावर सोडावं, इतकं मात्र मी शिकले. पाटी आता भिंतीला सपाट ठोकली आहे.

नारळ घेऊन निघाले तेव्हा दीदींना नवसाचं सांगितलं. त्यांनी टेंगूळ चाचपलं. "आता नारळ कायले फोडता? त्याच्या वाटचं मीच फोडून घेतलं ना!"

तरी मी त्यांना सोबत नेलं. नारळ फोडून एक वाटी मारुतीपुढे ठेवली, दुसरी दीदींच्या हातात दिली, आणि दोघांच्याही पाया पडले.