लाल देठांचा पाम

घोडेगावच्या रस्त्याला माझी नर्सरी आहे. एका बाजाराच्या दिवशी एक म्हातारबा थकलेला बैल विकून टेम्पोनं परतताना आत आले. खांद्यावर नुसतं दावं. हिरव्या जाळीखालच्या लाल देठांच्या पामभोवती ते जनावर पारखावं तसे फिरले, बुंध्यावर हलकी थाप मारली.

"पोळ्याला शिंगं रंगवल्यागत दिसतंय. फळ काय देतं?"

"काही नाही, बाबा. नुसतं बघायचं."

"मंजी कामाचं न्हाई?"

"नाही."

मला वाटलं, आता हसून जातील. त्यांनी तीच कुंडी घेतली, रिकाम्या टेम्पोत बैलाच्या जागी ठेवली आणि त्याच दाव्यानं बांधली.

"ह्याला कामच न्हाई," ते पानावरून हात फिरवत म्हणाले, "तवा म्हातारं झालं म्हनून इकायची पाळी बी येनार न्हाई."