वजीर मिस्त्री आणि बोटीची नळी

वजीर होडेकरला रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात सगळे मिस्त्रीच म्हणतात. त्याच्याबद्दल सांगायचं तर त्याच्या उजव्या तळहातापासून सुरुवात करावी लागेल. गाडी आली की तो इंजिन चालू करायला लावायचा, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "तिसरा सिलिंडर कामचोर हाय." उघडून बघावं तर तिसराच निघायचा. एखाद्या वेळी दुसरा निघाला तर आम्ही कोणी बोलत नसू, कारण मिस्त्री रागीट होता आणि त्याच्यासारखा दुसरा मिस्त्री जवळपास नव्हता.

बाप तांडेल, मच्छीमार बोट हाकणारा, म्हणून पोरगा आधी बोटींच्या इंजिनावर शिकला. पंधरा-सोळा वर्षं लाँचींच्या पोटात वाकून काढली आणि १९९८ साली जेटीच्या रस्त्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं. मी विनीत भाटकर. माझं स्पेअर पार्टचं दुकान त्याच्या समोरच. गिऱ्हाईक त्याच्याकडे यायचं, पार्ट माझ्याकडून जायचा, आणि संध्याकाळी चहा एकत्र. दहा वर्षं असं छान चाललं.

बोटीची सवय मात्र त्याची सुटली नाही. बोट बंद पडते ती भर समुद्रात, तिथे कंपनीचा पार्ट कुठून आणणार? हाताला लागेल ते कापायचं, क्लिप आवळायची आणि बंदर गाठायचं. मिस्त्री गाड्यांनाही तसंच करायचा. जुन्या जीपांना, टेम्पोंना ते चालायचंही. जुन्या गाड्या गरिबाघरच्या पोरांसारख्या, जे घालाल ते पचवत.

अनस फणसोपकर दोहाला नोकरीला होता. त्याने २००६ साली मुंबईहून परदेशी बनावटीची मोठी डिझेल गाडी घेतली आणि आईसाठी इथे आणून ठेवली. आई म्हणजे जन्नत खाला. तिची बहीण केळशीला, लेक दाभोळला, त्यामुळे तिला गाडी लागायचीच. चालवायला ठेवला सदू गोताड, निवळीच्या बाजूच्या गावचा. कमी बोलणारा, पान-तंबाखू काही नाही, आणि गाडी अशी पुसायचा की खाला म्हणायची, "ह्याने स्वतःच्या बायकोकडे इतकं बघितलं असतं तर सोनूबाई सोन्याची झाली असती."

२००८ च्या जानेवारीत उंदराने त्या गाडीची एक नळी कुरतडली. बोटभर जाड, वीतभर लांब. इंजिनातून धूर बाहेर जातो तिथून एक बारीक पाइप निघतो, तो या नळीने एका सेन्सरला जोडलेला असतो. धुराचा दाब किती आहे ते सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. दाब फार वाढला की कॉम्प्युटर समजतो, पुढे काहीतरी चोंदलंय, आणि इंजिनाची ताकद काढून घेतो. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा ना मला माहीत होतं ना मिस्त्रीला.

तो दुकानात आला. "विनू, फूटभर नळी दे."

"त्या गाडीची मुंबईहून मागवावी लागेल. आठ दिवस."

"बोटीच्या डिझेलची दे रे. नळी ती नळी."

मी दिली. उष्णतेचा विचार माझ्या मनात आला होता, खोटं कशाला बोलू? पण मिस्त्रीला शिकवायला जाणारा मी कोण, असं म्हणून गप्प बसलो. लोक मला शहाणा म्हणतात ते मी कमी बोलतो म्हणून.

मे महिन्यात अनस सुट्टीवर आला. आई-बायकोला घेऊन गणपतीपुळ्याच्या रस्त्याने निघाला, तर आरे-वारेच्या चढावर गाडीने मान टाकली. पिवळा दिवा लागला आणि मागून येणारी रिक्षासुद्धा पुढे निघून गेली. अनसचा चेहरा उतरला. इतके पैसे घातलेली गाडी, आणि बायको शेजारी बसलेली.

कोल्हापूरहून स्कॅनरवाला बोलावला. त्याने वायर जोडली, पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, "धुराचा दाब जास्त दाखवतंय. एक्झॉस्ट चोंदलाय काजळीने." त्याआधी मिस्त्रीने सायलेन्सरला हात धरला होता, आणि हाताला धूर मोकळा लागला होता. हे त्याने मला नंतर सांगितलं. पण पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती, अनस बघत होता, आणि हाताने सांगणारा मिस्त्री त्या मशीनसमोर अडाणी दिसला असता. तो काही बोलला नाही.

"काजळी धरली कशाने?" अनसने विचारलं.

मिस्त्रीला उत्तर द्यायला हवं होतं, आणि उत्तर तयारच होतं. त्या काळी ड्रायव्हर मंडळी डिझेल काढून विकतात आणि रॉकेल ओततात, ही बोंब गावोगाव होती. मिस्त्री म्हणाला, "डिझेलात रॉकेल गेलंय."

सगळ्यांनी सदूकडे पाहिलं. सदू बॉनेट पुसत होता. त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने फडकं खाली ठेवलं.

"ग्रामदेवीची आण, मिस्त्री. थेंब नाय घातला मी. पावत्या हायत माझ्याकडे."

"पावत्या पंपावर मागशील तेवढ्या मिळतात रे," मिस्त्री म्हणाला. "गाडी खोटं बोलत नाय."

अनस समजूतदार माणूस, तो ओरडला नाही. फक्त चावी मागितली. सदूने चावी दिली आणि चालत निघून गेला. मी समोरच्या फळीवर बसून सगळं पाहत होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि मी एका गिऱ्हाइकाला ब्रेक ऑइल मोजून देत होतो.

पुढे सदूला कोणी ठेवीना. साळवी स्टॉपपासून जेटीपर्यंत त्याचं नाव 'रॉकेलवाला' पडलं होतं. एका शाळेच्या गाडीवर काम मिळत होतं, तेही कोणीतरी कान फुंकले म्हणून गेलं.

अनस दोहाला परत गेला, पण गाडी काही सुधारली नाही. धुरातली काजळी अडवणारा जाळीचा डबा नवा बसवला. पंधरा दिवस बरी चालली, पुन्हा पिवळा दिवा. मग सेन्सर बदलला. पुन्हा तेच. नारळी पौर्णिमेनंतर स्कॅनरवाला दुसऱ्या कामाला रत्नागिरीत आला होता, त्याला मिस्त्रीने पुन्हा धरून आणलं. इंजिन बंद होतं, फक्त चावी फिरवलेली. पडद्यावर दाबाचा आकडा तरीही चढलेला.

मिस्त्री आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "इंजिन बंद, धूर नाय. मग दाब खयचा?" त्याने सेन्सरवरून नळी उपसली. आकडा सरळ खाली आला. नळी तोंडाला लावून फुंकली, तर फुंकर पलीकडे जाईना. ब्लेडने उभी चिरली. बाहेरून धडधाकट, आतून रबर उष्णतेने फुगून पार मिटलेलं. धुराचा दाब आत शिरायचा आणि अडकून बसायचा. रॉकेल नव्हतं, काजळी नव्हती, डबाही उगाच बदलला.

ती चिरलेली नळी त्याने माझ्या काउंटरवर आणून ठेवली.

"तुझ्या दुकानची."

"मागितली कोणी?"

तो म्हणाला, "सदूला सांगायला होवा."

"सांगायलाच पाहिजे," मी म्हणालो.

त्याने योग्य नळी मुंबईहून मागवून बसवली. खालाला सांगितलं, सेन्सरचा लोच्या होता, मिटला. सदूचं नाव काढलं नाही. बोटींचा हंगाम सुरू झालेला, जेटीवरून दिवसाला दहा बोलावणी. मग रमजान लागला. रोज्यात खोटं बोलायचं नाही, म्हणून त्या महिन्यात तो या विषयावर बोललाच नाही! मी एकदा आठवण केली तर म्हणाला, "ईद होऊ दे." ईद झाली. दिवाळी झाली. मीही पुन्हा विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर माझीही नळी निघाली असती. भित्रेपणात आम्ही दोघं जोडीचे होतो, आज लिहिताना लाज वाटते.

शिमग्याच्या आधी जन्नत खाला गॅरेजवर आली. नव्या ड्रायव्हरने तिला केळशीहून येताना उन्हात तासभर बसवून ठेवलं होतं. ती चिडून म्हणाली, "डिझेल चोरायचा तो, पण आईसारखं जपायचा रे मला."

मिस्त्री हातातला पाना ठेवून उभा राहिला आणि सगळं बोलून गेला. नळी, उंदीर, हात, पडदा, सगळं. खाला ऐकत होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला कशाला सांगतोस? त्याला सांग. गाडी घेऊन जा. म्हणावं, खाला बोलावते, उद्यापासून ये."

गेलो. मिस्त्री गाडी चालवत होता, मी शेजारी. हातखंब्याची चढण गाडी हसत चढली. वाटेत मिस्त्री दोनदा म्हणाला, "पगार वाढवून द्यायला सांगू खालाला." त्याला बरं वाटत होतं. मलाही वाटत होतं.

सदू पडवीत बसला होता. डावा पाय पुढे लांब केलेला, घोट्याच्या खाली नीट आकारच उरला नव्हता. बाजूला काठी. चिरेखाणीत कामाला होता, दिवाळीनंतर चिऱ्यांची थप्पी पायावर आली, असं सोनूबाईने सांगितलं. क्लच दाबायचा पाय.

मिस्त्री खाली, त्याच्या समोर बसला. खुर्ची दिली होती, घेतली नाही. मान खाली घालून त्याने सांगितलं. रॉकेल नव्हतं. चूक माझी होती. नळी मी बसवली होती.

सदूचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्याने आत हाक मारली, "सोने, ऐकलंस काय? रॉकेल नव्हतं! मिस्त्री सोता सांगायला आलेत." सोनूबाई दारात येऊन उभी राहिली. आमच्यासाठी तिने कोकम सरबताचे पेले आणून ठेवले होते. सदू म्हणाला, "आता वाडीत सांगेन सगळ्यांना. पोरांना कोण बोलणार नाय आता."

मग तो थांबला. काहीतरी जुळवत असल्यासारखा.

"कवा कळलं, मिस्त्री?"

मी मिस्त्रीकडे पाहिलं. परवा, असं म्हण, असं मनात देवाला सांगत होतो. एवढंसं खोटं.

"नारळी पुनवेनंतर," मिस्त्री म्हणाला.

सदूने मान हलवली. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता हिशोब होता. "मी दसऱ्याला गेलो खाणीत. तवापर्यंत घरीच होतो."

सोनूबाईने पेले उचलून परत आत नेले. आम्ही तोंडाला लावलेही नव्हते.